पाच खुर्च्या

लिमोजपासून दोन तास,
त्यातली शेवटची वीस मिनिटं ट्रॅक्टरच्या मागून.
किल्ली कुंडीखाली होती. कुंडीत काहीच नव्हतं.
फ्रिजवर घरमालकिणीची चिठ्ठी:
दार जरा उचलून लावा.
अक्रोडाच्या सावलीत झोपू नका, बाधते.
पावाची गाडी मंगळ, गुरू, शनि.
हॉर्न दोनदा वाजेल. तो फार वेळ थांबत नाही.

आम्ही सहा जण, खुर्च्या पाच.
म्हणजे कुणीतरी कायम उभं,
आणि जो उभा, त्यानेच वाइन ओतायची
हा नियम कुणी केला नाही,
नियमच येऊन आमच्यात बसला.

पहिल्या दिवशी ओदीलने यादी केली:
किल्ला, गुहा, बुधवारचा बाजार,
शेळ्यांचं चीज करणाऱ्या बाईंचा गोठा.
दुसऱ्या दिवशी यादीच्या पाठीवर
रेजिसने पत्त्यांचे गुण मांडले.
तिसऱ्या दिवशी निखारे धरेनात,
तेव्हा किल्ला आणि गुहा एकदमच पाहून झाले.

मग उरलं काय,
तर सावली.
जेवायला बसलो तेव्हा ती खोडापाशी होती.
कोशिंबिरीवर ऊन आलं, तसं चौघांनी चार पाय धरले
आणि टेबल उचललं, भरल्या पेल्यांसकट.
तासाभराने पुन्हा.
बोलणं मात्र जिथल्या तिथे चालू:
सोलांजची बदली, लोइकचा गुडघा,
तीस वर्षांपूर्वी नक्की कुणी बुडवली ती होडी.
(होडी मी बुडवली. अजून बोललेलो नाही.)

गुरुवारी हॉर्न वाजला. दोनदा.
सगळ्यांनी ऐकला, सगळ्यांचे डोळे मिटलेले,
अक्रोडाखाली, चिठ्ठी धाब्यावर बसवून.
प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी उठेल.
गाडी उतारावर गेली, गिअर बदलल्याचा आवाज आला,
आणि मग मधमाश्या.

संध्याकाळी चीज होतं, पाव नव्हता.
फ्रान्समध्ये यावरून घरं मोडलेली आहेत, आर्मेल म्हणाली,
आणि चीज सुरीनेच खाल्लं.
तोवर टेबल सावलीमागे सरकत सरकत
कुंपणाच्या भिंतीला येऊन टेकलं होतं.
भिंतीपलीकडून एक टोपी वर आली.
म्हातारा फिर्मँ, शेजारी,
चार दिवसांत ज्याला आम्ही नुसता हात केला होता.
त्याला वाटलं, आम्ही त्याच्याकडेच निघालोय.
एवढं टेबल घेऊन आलात, म्हणाला,
मग मला यायलाच हवं.

तो वळसा घालून आला तेव्हा
काखेत दोन लांब पाव,
गाडीवाल्याने आमच्या नावाने त्याच्याकडे टाकलेले,
आणि दुसऱ्या हातात स्वतःची खुर्ची.
आता आम्ही सात, खुर्च्या सहा.
रेजिस उभाच राहिला, आणि ओतत राहिला.

फिर्मँ फारसं बोलला नाही.
अक्रोडाची सावली खरंच बाधते का, विचारलं,
तर त्याने वर पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे,
मग म्हणाला, बाधलेली दिसतेय.
सोलांज इतकी हसली की तिला ठसका लागला,
आणि त्याला वाटलं, पडसंच.

शनिवारी हॉर्न वाजायच्या आत आम्ही फाटकात,
अनवाणी, सहाच्या सहा.
घेतले नऊ पाव. कशाला, ते विचारू नका.

निघताना खुर्च्या मोजल्या, तर सहा.
त्याची राहिलीच होती.
फिर्मँ घरी नव्हता, दार नुसतं लोटलेलं,
कुत्र्याने एक डोळा उघडून मिटला.
लोइकने खुर्ची भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवली,
भर उन्हात.
इथे कशाला, ओदील म्हणाली,
आणि म्हणता म्हणताच गप्प झाली.

चार वाजता तिथे सावली येते.